सुभद्राबाई आकडे पुसतात

सुभद्राबाई घाडीगावकरांना मी पहिल्यांदा घाबरले तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी त्यांनी काहीच केलं नव्हतं. रोजच्यासारख्या सकाळी सव्वानऊला आल्या, पदराच्या टोकाने दारावरच्या कुलपाची काच पुसली आणि आत येता येता म्हणाल्या, "ताई, नंबर बदललात वाटतं. सात आता कोरा आहे."

मी चहाचा कप खाली ठेवला. माझा मुलगा वरद बंगळुरात असतो आणि तिथून माझ्या सुरक्षिततेची काळजी करतो. त्यानेच ते नंबरचं कुलूप बसवून दिलेलं. काळी काच, त्यावर दहा आकडे, चार दाबले की दार उघडतं. "महिन्यातून एकदा नंबर बदलत जा आणि कोणाला सांगू नकोस," असं त्याने आदल्या दिवशी फोनवर बजावलं, म्हणून मी बदलला. कोणाला सांगितला नव्हता. विमा कंपनीत चौतीस वर्षं फायली सांभाळलेली बाई आहे मी, तोंड बंद ठेवणं मला येतं.

तुम्हाला कसं कळलं, असं विचारल्यावर त्यांनी मलाच वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. बोट लागतं तिथे काच तेलकट होते, म्हणाल्या. चारच आकडे मळतात, बाकीचे सहा तसेच राहतात. पहिल्या आकड्यावर बोट जास्त उमटतं, शेवटच्यावर कमी. यात कळायचं काय आहे?

"आणि बाकीच्यांचे?"

त्यांनी आधी मागचं दार लावून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "सगळ्यांचे. माका दिसता, मी काय करू?" एरवी त्या आमच्यासारखंच बोलत. घाबरल्या की मालवणीवर येत.

आमच्या या परळच्या इमारतीत त्यांची सात घरं होती. सात दारं, सात नंबर, सगळे त्यांच्या डोळ्यांत. त्यातला एकही त्यांनी कधी दाबला नव्हता. माझ्या दाराशी त्या अकरा वर्षं बेल वाजवून उभ्या राहत आल्या होत्या आणि मी चष्मा शोधत, गुडघे सावरत दार उघडत आले होते. काम संपलं की सातही दारांच्या काचा पुसून मगच त्या निघत. मला वाटायचं, बाईला स्वच्छतेचा सोस आहे. त्या दिवशी म्हणाल्या, "मला दिसतं तसं दुसऱ्या कोणाला दिसू नये म्हणून पुसते."

ही नजर त्यांना कुठून आली तेही सांगते. आमची इमारत जिथे उभी आहे तिथे पूर्वी गिरणी कामगारांची चाळ होती. सुभद्राबाई जन्मल्या ती खोली हिशोबाने आमच्या पार्किंगच्या दुसऱ्या मजल्यावर येते, खांब क्रमांक नऊच्या आसपास. वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे, आई खानावळ चालवायची. कोकणातून एकटे आलेले चाळीस गडी दोन पाळ्यांत जेवून जात आणि ताटं धुवायला ही दहा वर्षांची पोर. कोणाचं ताट कोणतं ते तिला न बघता कळायचं. कोण मीठ बाजूला सारतो, कोण भात कडेने खातो, कोणाचा आज जेवणावर जीव नव्हता. एकदा तिने आईला सांगितलं, सावंतमामा आज रडत जेवले. दोन दिवसांनी कळलं, गावाला त्यांचं मूल गेलं होतं. आईने तिच्या पाठीत धपाटा घातला आणि सांगितलं, उष्टं दिसलं तरी बोलायचं नाही, धुऊन टाकायचं. पुढे संप झाला, गिरणी गेली, खानावळ गेली. भावाने खोली विकली. सुभद्राबाई भोईवाड्यात एका खोलीत राहू लागल्या आणि जन्मल्या त्या जागेवर धुणीभांडी करायला येऊ लागल्या. याबद्दल त्यांनी कधी कुरकूर केली नाही. मीच करते.

मी घाबरले, पण त्यांना काढलं नाही. इतक्या वर्षांची बाई, शिवाय भाकऱ्या काय करते. आणि खरं सांगायचं तर मला कुतूहल वाटू लागलं. हळूहळू त्या बोलू लागल्या. सोसायटीने कामवाल्यांना चपला आणि पिशव्या तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत ठेवायला सांगितलं आहे. आमच्या पायरीवर त्यांच्या चपला दिसल्या तर इमारतीची किंमत कमी होते, असं कोणीतरी सभेत म्हणालं होतं. त्या खोलीत भिंतभर मीटर आहेत आणि प्रत्येकावर एक लाल टिकली लुकलुकते. वीज जास्त खर्च झाली की टिकली भराभर लुकलुकते, घर बंद असलं की मिनिटभर वाट पाहावी लागते. सुभद्राबाई चपला काढता काढता भिंतीवर नजर टाकत आणि कोण उठलंय, कोणाचा गीझर चालू आहे, कोण गावाला गेलंय ते सगळं त्यांना समजे. माणसं झोपेत असताना त्यांची घरं खालच्या अंधाऱ्या खोलीत लुकलुकत असतात हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी एकदा जाऊन माझी टिकली पाहून आले. परत जायची इच्छा झाली नाही.

माझ्या समोरच्या दारात गंगाधर सबनीस राहतात. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. वय ब्याऐंशी, महापालिकेतून निवृत्त, मूलबाळ नाही. दोन वर्षांपूर्वी बायको गेली. नलूताई. गोऱ्या, बुटक्या, बारीक बोटांच्या, पावडरीचा वास येणाऱ्या आणि अतिशय हट्टी. त्या गेल्यावर अप्पांनी दोन गोष्टी केल्या. कुलपाचा नंबर बदलला आणि तो कोणालाही सांगितला नाही, पुतण्यालासुद्धा. पुतण्या हितेंद्र ठाण्याला राहतो, दर रविवारी येतो. काका, उद्या काही झालं तर दार फोडायचं का, असं त्याने माझ्यादेखत चारदा तरी विचारलं असेल. अप्पा फक्त मान हलवत. दुसरी गोष्ट म्हणजे रोज दुपारी चार ते सहा भोईवाड्याच्या देवळात भजनाला जाऊ लागले. गाणं बेतास बात, पण वेळेला पक्के.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर आठवडाभराने अप्पा माझ्याकडे आले. चेहरा उजळलेला. म्हणाले, "नलू येते हो."

ते सांगत होते. देवळातून परत येतो तर तिचं कपाट उघडं असतं. परवा तिची अंजिरी साडी पलंगावर घडी घालून ठेवलेली. काल तिचा चष्मा वर्तमानपत्रावर, तोही तिच्या जागेवर, खिडकीशी. नंबरचं कुलूप बंद, खिडक्यांना जाळ्या, आणि नंबर तर माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. मग कोण येणार? हे सगळं ते इतक्या आनंदाने सांगत होते की मी नुसती हो हो करत राहिले.

मला वाटलं, म्हातारा स्वतःच काढतो आणि विसरतो. हितेंद्रलाही तसंच वाटत होतं, किंवा तो तसं सांगत होता. पुढच्या सोमवारी मला सहा वाजता लिफ्टमध्ये अप्पा भेटले. त्यांच्या हातात प्रसाद होता, तो वाटीत घ्यायला मी त्यांच्याबरोबर त्यांच्या घरात गेले. अप्पांनी थरथरत्या अंगठ्याने नंबर दाबला, दार उघडलं, आणि आतून पावडरीचा वास आला. नलूताईंच्या पावडरीचा. टेबलावर नलूताईंचा निळा कप होता. त्यात अर्धा चहा होता आणि चहातून वाफ येत होती.

मी तिथून कशी निघाले ते आठवत नाही. प्रसाद तिथेच राहिला. अप्पा मागून म्हणत होते, बसा ना, ती चिडायची नाही.

दिवाळी झाली. हितेंद्रने सोसायटीचे सेक्रेटरी वसंतराव यांना आणि मला बसवून सांगितलं की काकांची स्थिती ठीक नाही. त्यांना भास होतात, गॅस चालू ठेवून ते बाहेर जातात. कर्जतजवळ एक चांगला आश्रम आहे. येत्या शनिवारी सहा वाजता तो डॉक्टरांना घेऊन येणार, तपासून ते कागद देतील, मग त्याच्या आधारे काकांचं घर बघायची जबाबदारी तो घेईल. शेजारी म्हणून आम्ही जे पाहिलं ते सांगावं. आणि मी चहा पाहिला होता. वाफाळता चहा, घरात कोणी नसताना. माझ्याच तोंडच्या साक्षीने अप्पा कर्जतला जाणार होते.

ही गोष्ट मी सुभद्राबाईंना सांगितली तेव्हा त्या भांडी घासत होत्या. हात थांबले. नळ चालूच राहिला. मग त्यांनी नळ बंद केला आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच बोलल्या.

अप्पांच्या घरी कोणीतरी येतं, असं त्यांना दसऱ्यापासून माहीत होतं. साडेतीनला त्या अप्पांची काच पुसतात. चारला अप्पा निघतात. बाहेर पडायला नंबर लागत नाही, म्हणजे सहाला परत येईपर्यंत काच कोरी हवी आणि नंतर त्यावर एकच खेप उमटायला हवी, अप्पांच्या अंगठ्याची. पण हल्ली आठवड्यातून तीन दिवस सकाळी दोन खेपा दिसतात. अंगठ्याखाली एक बोट. आणि मागच्या इमारतीतली कामं उरकून साडेपाचला त्या पिशवी घ्यायला मीटरच्या खोलीत जातात, तेव्हा अप्पांची टिकली भराभर लुकलुकत असते. अप्पा देवळात असताना.

"नलूताई असतील तर त्यांना पंखा कशाला लागेल?" त्या म्हणाल्या.

नंबर बाहेर कसा गेला तेही त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचा दोष त्या स्वतःकडे घेत होत्या. नलूताई खंडेनवमीला घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करत. शिवणयंत्र, मिक्सर, गॅसची शेगडी, आणि शेवटी दारावरचं कुलूप. हळदकुंकू, एक झेंडूचं फूल. त्या गेल्यावर अप्पांनी ते चालू ठेवलं, पण पुरुषाचा हात, सगळ्या काचेला पाण्यात कालवलेली हळद फासली. सुभद्राबाई दसऱ्याचे दोन दिवस सुट्टीवर होत्या. दोन दिवस काच पुसली गेली नाही. अप्पा आले गेले, त्यांच्या अंगठ्याखालची हळद निघून आली. एक, सहा, आठ, नऊ एवढेच काळे, बाकी सगळं पिवळं. दसऱ्याला संध्याकाळी हितेंद्र आपट्याची पानं घेऊन आला. दिवाणखान्यात नलूताई आणि अप्पांचा लग्नातला फोटो आहे आणि त्याच्याखाली साल लिहिलंय, १९६८. ज्याला उलगडायचंच आहे त्याला आणखी काय हवं होतं?

"मग हे तुम्ही इतके दिवस बोलला का नाहीत?" मी चिडले. खरंच चिडले.

त्या वळल्या. "ताई, मी हे बोलले की माझी सात घरं गेली. नंबर ओळखणारी मोलकरीण कोण ठेवेल?"

आणि दुसरा पुरावा आणायचा कुठून? लिफ्टबाहेरचा कॅमेरा श्रावणापासून बंद होता. हितेंद्रकडे पार्किंगचा स्टिकर असल्याने फाटकावर त्याची नोंद होत नसे. आमच्याकडे फक्त एका मोलकरणीची नजर होती आणि माझा तो चहा. सुभद्राबाईंनी बराच वेळ फडक्याला पिळा घातला. मग म्हणाल्या, "तुमची ती गावची हळद थोडी द्या."

शुक्रवारी पावणेचारला अप्पा लवकरच गेले. सुभद्राबाईंनी हळद तेलात कालवली आणि अप्पांच्या काचेला इतकी पातळ लावली की काळ्यावर काही दिसत नव्हतं. फक्त थोडी चमक. मी दाराच्या भिंगाशी खुर्ची टाकून बसले. पावणेपाचपर्यंत बसले होते. मग माझ्या वयाच्या माणसाला जिथे जावं लागतं तिथे गेले, आणि तिथे असतानाच समोरच्या कुलपाची ती टिंग टिंग ऐकू आली. चार वेळा. मी भिंगाशी परतले तेव्हा जिन्यात कोणी नव्हतं. समोरचं दार बंद. त्या बंद दारामागे कोणीतरी गुणगुणत होतं. मी ते दार ठोठावलं नाही. आतल्या खोलीत जाऊन कडी लावली आणि सहापर्यंत बाहेर आले नाही, असं सरळ लिहिते.

सहाला अप्पा आले. दोनच मिनिटांत त्यांनी माझी बेल वाजवली. डोळ्यांत पाणी होतं. हातात पांढरा नॅपकिन होता, बेसिनजवळचा, आणि त्यावर बोटांचे लाल डाग. "बघा," ते म्हणाले, "आज कुंकू लावून गेली."

नॅपकिन बघून क्षणभर मलाही तेच वाटलं. हळद पिवळी असते आणि हे तर लाल होतं.

शनिवारी सहाला अप्पांच्या दिवाणखान्यात डॉक्टर, हितेंद्र, वसंतराव आणि मी बसलो होतो. सुभद्राबाई चहा देऊन दाराशी उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी अप्पांना आजची तारीख विचारली, ती त्यांनी बरोबर सांगितली. मग घरात कोणी येतं का, असं विचारलं. अप्पांनी अभिमानाने नॅपकिन दाखवला. डॉक्टरांनी हितेंद्रकडे पाहिलं, हितेंद्रने खाली मान घातली, आणि कागद बाहेर आला.

"हितेंद्रदादा, तुमचं बोट दाखवा," सुभद्राबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. त्या पुढे आल्या. सगळ्यांसमोर सांगू लागल्या. अप्पांचा नंबर एक नऊ सहा आठ. तो आकड्यांवरच्या बोटांवरून कळतो. काल आपण काचेला हळद लावली होती. ज्याने दार उघडलं त्याच्या बोटाला ती लागली आहे आणि तेलातली हळद नखातून दोन दिवस जात नाही. हितेंद्र हसला आणि बिर्याणी खाल्ली म्हणाला. वसंतराव म्हणाले, बाई, एकाचा नंबर कळला म्हणून असले आरोप करता? तेव्हा त्या म्हणाल्या, "एकाचा नाही. तुमचाही माहीत आहे. सगळ्यांचे आहेत."

त्या स्वयंपाकघरात जाऊन हळद आणि साबण घेऊन आल्या. मग त्यांनी आपल्या तळहातावर हळद घेतली, वर ओला साबण फिरवला. हात लालभडक झाला. साडीवर पडलेला हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो, हे त्या खोलीतल्या दोनच माणसांना माहीत होतं आणि दोघी बायका होत्या. मी त्यांच्या हाताशेजारी नॅपकिन धरला. रंग एकच होता, म्हणजे काल कोणीतरी हळदीची बोटं साबणाने धुऊन याला पुसली होती. हितेंद्रने उजवा हात खिशात घातला होता आणि तो काही त्याने बाहेर काढला नाही. डॉक्टरांनी कागद बॅगेत ठेवला.

अप्पा नॅपकिनकडे बघत होते. "म्हणजे कुंकू नव्हतं," एवढंच म्हणाले.

सुभद्राबाई त्यांच्या पायाशी खाली बसल्या आणि रडू लागल्या. अप्पांचं घर वाचलं होतं, आणि त्यांच्या नलूला घरातून बाहेर काढणाऱ्या त्याच होत्या.

आठ दिवसांत सातातली पाच घरं गेली. कोणी अपमान केला नाही. सध्या नको, आम्ही मशीन घेतलंय, सून घरीच असते. वसंतरावांनी तर चेहरा ओळखणारं कुलूप बसवलं. राहिलं अप्पांचं घर आणि माझं. आणि मी काय केलं? त्याच शनिवारी रात्री दार लावून घेतलं आणि नंबर बदलला. अकरा वर्षं घरात येणारी बाई, जिच्या खरेपणाची मी काही तासांपूर्वी साक्षीदार होते. सोमवारी बेल वाजली. दार उघडलं तर सुभद्राबाई माझ्या दाराकडे पाठ करून उभ्या होत्या. त्यांनी काच पुसली नव्हती. तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी या म्हणायलाही विसरले. आजही त्या तशाच पाठ करून उभ्या राहतात आणि आजही मी त्यांना तसं करू नका म्हणालेले नाही.

अप्पांनी मात्र नंबर बदलला नाही. वसंतरावांनी समजावलं, मी समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "हे आमच्या लग्नाचं साल, नलूला न सांगता कळतं. नवा नंबर तिला कोण सांगणार?"

यंदा फाल्गुनात सुभद्राबाई महिनाभर अँटॉप हिलला गेल्या. त्यांची मुलगी आकांक्षा तिथे सरकारी वसाहतीत राहते, तिचं पहिलं बाळंतपण. जाताना त्यांनी एकच काम माझ्यावर सोपवलं. रोज साडेतीनला अप्पांच्या दाराची काच पुसायची. मी इमानाने पुसत होते. पुसता पुसता मलाही दिसायला लागलं. आधी आवडलं नाही, मग सवय झाली. सहानंतर अप्पांच्या थरथरत्या अंगठ्याचे चार ठसे, रोज एकच खेप. हितेंद्र दिवाळीनंतर या इमारतीत फिरकलेला नाही. कॅमेरा आता चालू आहे.

त्या महिन्यातला दुसरा गुरुवार. साडेतीनला काच पुसली, चारला अप्पा देवळात गेले. सव्वापाचला मी कचऱ्याची पिशवी ठेवायला दार उघडलं आणि समोर नजर गेली. एक, नऊ, सहा, आठ. चार ठसे, ताजे. अंगठ्याचे नव्हते आणि पुरुषाच्या बोटाचेही नव्हते. बारीक आणि गोल होते. वसंतरावांबरोबर बसून मी नंतर कॅमेऱ्यातले ते दोन तास पाहिले, मजल्यावर कोणी आलेलं नाही.

ते मी नंतर केलं. त्या वेळी मी समोर जाऊन काचेशी उभी राहिले. थोडा पावडरीचा वास आला, किंवा मला तसं वाटलं. आत कोणी आहे का ते मी ऐकलं नाही. पदराचं टोक घेतलं, चारही आकडे नीट पुसले आणि घरात येऊन दार लावून घेतलं.